चंद्राला ओवाळायचं की नाही

माझा धाकटा भाऊ अंटार्क्टिकावरच्या संशोधन-तळावर वर्षभरासाठी गेला आणि तिकडे हिवाळा चालू असताना इकडे नाशकात बाबा गेले. डिसेंबरपर्यंत तिथे जहाज पोचणार नव्हतं. आईनं फर्मान काढलं, पोराला कळता कामा नये, त्या काळोखात तो एकटा काय करील? आईला फोनवर नीट ऐकू येत नसे, त्यामुळे तो फोन करायचा मला, कुवेतला. खोटं बोलायची पाळीही माझ्यावरच आली.

जाताना त्यानंच सांगितलं होतं, जुन्या काळी जहाज बर्फात अडकलं की घरी कोण गेलं, कोण आलं, हे खलाशांना परतल्यावर बंदरावर कळे. मला तेव्हा हसू आलं होतं. आता फोन असून आम्ही त्याचा तोच खलाशी करून ठेवला होता.

दर वेळी त्याचा पहिला प्रश्न, "बाबा कसे आहेत?" मी म्हणायचे, बरे आहेत, गुडघे कुरकुरतात. मग दिवसभर मला अन्न गोड लागत नसे.

दिवाळी आली. जवळ नसलेल्या भावासाठी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही आमची रीत. पण माहेरी वर्षभर सण नाही. मी सासरची, माझं सुतक तीन दिवसांत फिटलेलं. मग ओवाळायचं की नाही? आई म्हणाली, "ओवाळ. तो विचारेल." नवरा म्हणाला, "चंद्राला कसलं सुतक?" त्याला काय, तो रिफायनरीतला माणूस. ओवाळलं तर बाबांशी वाईट वागल्यासारखं, नाही तर भावाशी. 

शेवटी ताम्हन घेऊन सालमिया भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. रत्नागिरीकडची शेजारीण दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणाली, "काल ईदचा त्या टाकीवर दिसला होता. आज जरा वर बघा." होता खरा, नखाएवढा. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. तिनं ओढणीचा आडोसा धरला, तेव्हा कुठे ओवाळून झालं.

खाली येते तोच त्याचा फोन. तिकडे सूर्य नुसता टेकतो आणि परत वर येतो म्हणाला. आचाऱ्यानं शंकरपाळे केले, ते दगड झाले म्हणाला. चकलीचं विचारलं, माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं. बाबांचं विचारलंच नाही. मी तयार ठेवलेले गुडघे तसेच राहिले. याला झालंय काय, मला कळेना.

"ओवाळलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं झालं. डोक्याला टोपी घालून ओवाळून घेतलं असं समज. केस नाहीत ना."

"का रे?"



"आमच्या प्रमुखांना बाबांचं भारतातून कळलं, त्यांनी सांगितलं मला, मागच्या आठवड्यात. आचाऱ्यानंच मुंडण केलं. ताई, आईला सांगू नकोस हं मला कळलंय. तिला वाटू दे, मी इथे मजेत आहे."

मी नेहमीच्या सवयीनं "बरे आहेत" म्हणून गेले.