तिसऱ्या खणाची ज्वारी

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडतानाही हा विषय शिताफीने टाळला — तुम्हाला सांगतो. हसू आलं तर हसा. मीही पुष्कळ वर्षं ते हसण्यावारीच नेलं.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून मेंढ्यांच्या पैदाशीचं एक लहानसं सरकारी ठाणं होतं आणि तिथे मी कारकून. कोकरं लवकर कशानं अंगानं भरतात, हे साहेबांना शोधायचं होतं. म्हणून गोठ्यात तीन खण पाडले. पहिल्या खणातल्या कोकरांना अख्खी ज्वारी, दुसऱ्याला जात्यावरचा भरडा, तिसऱ्याला भाजलेली. धान्य मोजून घालणं आणि दर आठवड्याला कोकरं काट्याला टांगून वजन लिहिणं — हे माझं काम. भाजायला गावातली सर्जाबाई होती. भाजकी ज्वारी सरस ठरली तर तिचं काम कायम होणार होतं. त्या आशेवर बाई चुलीपुढून हलायची नाही.

आणि इथेच — कसं सांगू? तापल्या वाळूत फुललेली ज्वारी तुम्ही कधी खाल्ली आहे? भाजलेल्या मोहफुलांबरोबर कुटून? खाल्ली नसेल, तर मला बोल लावू नका. खाल्ली असेल — तर लावा.

पहिल्या दिवशी मूठभर घेतली. सरकारी प्रयोग, दाणा नीट भाजलाय का हे कुणी बघायला नको? दुसऱ्या आठवड्यात ओंजळ. मग रीतसर डबाच भरू लागलो. कोकरं टक लावून बघायची, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून खायचो. एवढी लाज होती मला!

दीड-दोन महिन्यांत भरड्याची कोकरं टुणटुणीत झाली, अख्ख्या ज्वारीची बरी, आणि तिसऱ्या खणातल्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. त्या खणाचं धान्य अंगी लागलं ते फक्त माझ्या. पोटावरचं बटण तुटलं. साहेब म्हणाले, "जंगलाची हवा मानवली तुम्हाला!"

मग त्यांनी सर्जाबाईला बोलावलं. दाणे जाळतेस का, म्हणून विचारलं.

"एकबी दाना जाळला नाई जी मी. बाबूले विचारा."

बाबू म्हणजे मी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? माझी नोकरी गेली असती — आणखी काय? मी म्हणालो, "जरा जास्तच भाजते."

भाजणं बंद झालं. बाईचं काम गेलं.

जाताना तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर ज्वारी ओतली. भाजलेली. अजून कोमट.

"घ्या, बाबू. आता तुमच्यासाठी कोन भाजून देईन?"

म्हणजे तिला ठाऊक होतं — आणि साहेबांपुढे ती बोलली नव्हती. साहेब शेजारच्याच खोलीत होते. मी उठलो नाही. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मान खाली घालून बसलो. भयंकर लाज वाटली.

आणि ती ज्वारी — ती मी खाल्ली. सगळी.