शाहीन आपाच्या तीन मशिनी

शिवणमशीनला तेल सोडलं, की त्या वासासरशी मी मनानं छावणी मोहल्ल्यात, शाहीन आपाच्या खोलीत जाऊन बसते. आपा आमची तेव्हाची शेजारीण. बाहेरचं शिवण घ्यायची नाही, नुसती हौस. तरी तिच्याकडं तीन मशिनी: एक तुकडे जोडायला, एक गोधडीच्या जाड थरांना, एक पिकोला. माझ्याकडं आईनं दिलेली एकच. गुलमंडीच्या बाजारातल्या चिंध्यांतून तिनं केलेल्या गोधड्या बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी ती तुकडे जोडता जोडता चहा टाकायला उठली. मी तिच्या मशीनचा दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू दोन फेरे सैल केला. आपा येऊन बसली, तर कापडाखाली दोऱ्याचा हा गुंता!

"रूठ गई!" ती हसली. "म्हणून तर तीन ठेवल्यात गं. एक रुसली, की दुसरी." आणि शेजारच्या मशीनवर बसून तिनं टीप पुढं चालू केली. मी आणखीच जळले.

आज माझ्याकडं चार आहेत. कशाला एवढ्या, असं घरचे विचारतात, तेव्हा मी आपाचंच वाक्य ऐकवते. शेजारची नवी सून रोज मशिनी बघायला येते. तिची नजर मला चांगली ओळखीची आहे. ती बसलेली असताना मी चहाला उठत नाही.