तिसऱ्या वळणावरची हाक

मंगळवारी घाटातून हाक आली नाही. पावणेदहा वाजले, मग दहा वाजले. सव्वादहाला मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि पायवाटेकडे निघाले.

ही हाक कसली, ते आधी सांगायला हवं. पिशोरहून पुढे, डोंगर सुरू होतो तिथे आमची शाळा आहे. मी तिथे ग्रंथपाल. शनिवारी संभाजीनगरला घरी जाते, सोमवारी पहिल्या एसटीने परत येते. शाळेच्या वर, दीड तासाच्या चढावर एक वस्ती आहे. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या पुढच्या नऊ मुली रोज तीन वळणांची पायवाट उतरून खाली येत आणि त्यांच्या पुढे काठी आपटत एक बाई चाले. मुली तिला आत्या म्हणत. नवरा गेल्यावर ती माहेरी, म्हणजे त्याच वस्तीवर, परतली होती. त्यामुळे त्यातल्या प्रत्येकीची ती खरोखरच कुठून तरी आत्या लागत होती.

प्रत्येक वळणावर ती मुलींना थांबवी. सगळ्यांनी मिळून वर तोंड करून हाक द्यायची. वस्तीच्या कडेला कुणाची तरी आई उभी असे. तिचं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाटेवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून ही सोय. "आधी हाक, मग पाय," असं ती म्हणे. एखादी मुलगी हसू लागली की काठी दगडावर वाजे. "हसायचं खाली जाऊन. इथं वरडायचं." तिसऱ्या वळणावरची हाक सव्वानऊच्या सुमारास माझ्या खिडकीत ऐकू येई.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या कार्यालयात. खताच्या रिकाम्या पिशवीत दाखले घेऊन ती आली होती आणि मागे मुली ओळीने उभ्या होत्या. क्लार्क म्हणाले, "मावशी, पालक लागतात. तुम्ही कोण ह्यांच्या?"

"आत्या."

"कुणाची?"

"सगळ्याईची. इचारा ना बापाला एकेकीच्या, नाय म्हनतो का."

क्लार्कने पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि नावं लिहायला घेतली.

दिवसातून दोनदा चढणं-उतरणं जमत नाही म्हणून ती शाळा सुटेपर्यंत वाचनालयातच बसे. खुर्चीवर नाही, दाराजवळ फरशीवर, पाय पसरून. मांडीवर शेंगा असत. हळूहळू शेंगांच्या जागी पुस्तक आलं. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाची. एकदा तिने नकाशांचं मोठं पुस्तक उघडून विचारलं, "मॅडम, आमचा डोंगर कुठाय?" मी तपकिरी रंगाचा एक पट्टा दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. डोंगर झाकला गेला.

"एवढाच?" ती म्हणाली. "आन् आमी दीड तास उतरतो की वो."

तिच्या शाळेची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. तीही पाचवीला खाली येत होती, सात जणींतली एक. एका पोरीला झिऱ्याजवळ बिबट्या दिसला. त्याने काही केलं नाही, पाणी पिऊन निघून गेला. पोरीने घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सातही जणींची शाळा सुटली आणि दोन वर्षांत सातही जणींची लग्नं झाली.

"बिबट्यानं नाय खाल्लं मॅडम," ती शेंग सोलत म्हणाली. "बापाच्या भीतीनं खाल्लं."

म्हणून ती वाटेपेक्षा वस्तीला अधिक भ्यायची. एक मुलगी घसरली, एकीला साप दिसला, एकीला कुणी टारगट काही बोललं, एवढं पुरे होतं. ती भीती तिने कधी बोलून दाखवली नाही, पण मी ती पाहत होते. संध्याकाळी निघताना ती मुलींचे गुडघे तपासून पाही. खरचटलेलं असलं तर वाचनालयात नेऊन धुवी आणि बजावी, "घरी काय सांगायचं? खेळताना पडले. कुठं?" मुली एका सुरात म्हणत, "ग्राउंडवर."

महिलांच्या राखीव जागेवर ती ग्रामपंचायतीत निवडून आली. वस्तीवर दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून तिला उभी केली होती. पुरुषांना वाटलं, सह्या करील आणि गप्प बसेल. पहिल्याच ग्रामसभेत ती बोलायला उठली तेव्हा पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "आत्या, बस की खाली, पाय दुखतेल."

"रोज चढनाऱ्याचे नाय दुखत, भाऊ. तू सकाळपसून बसलाय, तुझे बघ."

सभा हसली. तिने पायवाटेचा विषय काढला. हसू थांबलं, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा आली आणि तो परत पुढे गेला. प्रत्येक सभेला ती दोन-तीन आयांना बरोबर आणू लागली. त्या काही बोलत नसत. पदर डोक्यावर घेऊन मागे बसत, पण सभा संपेपर्यंत उठत नसत.

मागच्या पावसाळ्यानंतर तिसऱ्या वळणावर दगड सुटू लागले. एका सकाळी ती आली ती थेट माझ्या टेबलापाशी.

"घमेल्याएवढा धोंडा, मॅडम. पोरीच्या पुढं. एका पावलावर."

"कुणी पाहिलं?"

"पोरींनी. सांगितलंय त्याईला, बोलायचं नाय." मग हळूच म्हणाली, "तुमी अर्ज लिहा. तिथं भिंत पाहिजे."

मी अर्ज लिहिला. मला लिहायला वेळ लागतो. दोन दिवस कच्चा, एक दिवस पक्का. त्यात मी लिहिलं की तिसऱ्या वळणावर दरड कोसळते आहे आणि मुलींच्या जिवाला धोका आहे. तिने बोट ठेवून वाचलं. त्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काढा."

"हेच तर सांगायचंय."

"अर्ज ग्रामसभेत मोठ्यानं वाचतेत. त्याईचे बाप बसलेले असतेत. धोका म्हनलं की दुसऱ्या दिवशी एकबी पोर खाली येनार नाय. तुमी लिहा, वाट बारीक हाय. रुंद करून द्या."

मी म्हणायला हवं होतं की हे मी लिहिणार नाही. मी म्हणाले, "बरं." मलाही तीच भीती होती. नऊ मुलींची नऊ वाचक-कार्डं माझ्या खणात होती आणि ती मला रिकामी झालेली पाहायची नव्हती. मी धोक्याची ओळ काढली आणि वाट अरुंद असल्याचं लिहिलं. अर्ज सभेत वाचला गेला, कुणी मान वर केली नाही, मंजूर झाला. तालुक्याला पोहोचला आणि रुंदीकरणाच्या इतर अर्जांखाली जाऊन बसला. मूळचा कच्चा कागद मी नकाशांच्या पुस्तकात ठेवला.

तेव्हापासून तिने नियम बदलला. तिसऱ्या वळणावर ती एकटी पुढे जाई. मुलींनी दुसऱ्या वळणावरच उभं राहायचं. तिची हाक आली की एकेकीने निघायचं, सगळ्या पार झाल्या की मिळून वर हाक द्यायची. त्या महिन्यांत मी रोज नऊलाच खिडकी उघडून बसे. समोर पुस्तक असे. एखादा ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या आवाजात हाक बुडाली तर मी उठून दारापर्यंत जाई. खाली आल्यावर ती मला विचारी, "आली का ऐकू?" मी म्हणे, "आली." बाकी आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. तुम्हीही कधी कुणाबरोबर असं काही लपवलं असेल, तर ठाऊक असेल की दोघं मिळून लपवलेली गोष्ट निम्मी होत नाही.

त्या मंगळवारी मी धापा टाकत वर चढले. तिसऱ्या वळणाच्या अलीकडेच वाट संपली होती. माती अजून सरकत होती. पलीकडे, वर दुसऱ्या वळणावर, नऊ मुली एका रांगेत उभ्या होत्या. दोन तास त्या तशाच उभ्या होत्या. एकही पुढे आली नव्हती, कारण हाक आली नव्हती. त्या मात्र आळीपाळीने तिला हाका देत होत्या. आवाज बसले होते, तरी देत होत्या. वरून आया विळे घेऊन उतरत होत्या. जनावर असेल असं त्यांना वाटलं होतं.

ती दुपारी सापडली. काठी सापडली नाही.

पाचव्या दिवशी वस्तीवर बैठक बसली, मुलींचं काय करायचं ते ठरवायला. मी तोवर वस्तीपर्यंत कधी गेले नव्हते. नाल्याकडून लांबची वाट आहे, तिने गेले. पिशवीत तो कच्चा कागद होता.

बाप गोल करून बसले होते. आया मागे, भिंतीला टेकून. एक जण म्हणत होता, "झालं तेवढं बास. आपल्या पोरी वाचल्या, देवाची कृपा." मी उभी राहिले आणि कागद वाचला. मग तो का बदलला, तेही सांगितलं.

"म्हंजी तुमाला ठाव व्हतं?" तो म्हणाला.

"हो."

"सहा महिने? आमच्या पोरी त्या वाटेनं..." माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मला वाटलं, तिने आयुष्यभर जे जपलं ते मी एका कागदाने संपवलं.

तेव्हा मागून एक बाई बोलली. रोज कडेला उभी राहून उत्तर देणाऱ्यांपैकी एक. डोक्यावरचा पदर तसाच होता.

"मॅडमला कामून बोलता? ठाव तर आमालाबी व्हतं."

बापांनी माना वळवल्या.

"पोरी झोपेत वरडायच्या, धोंडा आला, धोंडा आला. आयांना कळत नाय का? आमी तुमाला नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तुमी शाळा बंद केली असती. वाट कुनी बांधली नसती. आत्याला वाटायचं, तिलाच ठाव हाय. आमी तिलाबी नाय सांगितलं."

मुलींनी आयांपासून, आयांनी बापांपासून, आत्याने सगळ्यांपासून आणि मी कागदापासून, एकच गोष्ट लपवली होती. एकीने दुसरीला सांगितली असती तर ग्रामसभेत मागे गप्प बसलेल्या त्या बायका एकदम उभ्या राहिल्या असत्या. हे मला तिथे सुचलं. तिला सांगायला आता उशीर झाला होता.

तीच बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लिहा आता. सगळं लिहा."

मी तिथेच, मांडीवरच्या पाटीवर कागद ठेवून लिहिलं. त्या वेळी मला वेळ लागला नाही. आयांनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे दिले. मग बापांपैकी चौघे उठून आले.

अर्ज पोहोचला आहे. पाहणी करून गेले आहेत. भिंत अजून नाही. तीन मुली परत आल्या नाहीत. एकीचं लग्न ठरलं आहे. सहा मुली नाल्याकडच्या वाटेने येतात, अर्धा तास जास्त चालून. आया पाळीने पुढे असतात. ग्रामपंचायतीत तिच्या रिकाम्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही.

हाक आता पावणेदहाला येते, दुसऱ्या बाजूने, त्यामुळे मी टेबल त्या खिडकीपाशी सरकवलं आहे.