मिश्री न लावणाऱ्या बाईचे दात

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, तापीकाठच्या आमच्या गावी, इतवाऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात माझ्या मालतीमावशीवर अन्याय झाला. ती वारली त्यानंतर अठरा दिवसांनी. पण मी दिवस धरतो तो त्या सोमवारचाच.

मावशी सिंधीपुऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवायची. वय बेचाळीस, दात हलायला लागलेले, हिरड्यांतून पू. वर्गात टेबलावर पाण्याचा तांब्या असायचा, तास संपेपर्यंत रिकामा. मधेच दोनदा बाहेर जाऊन यायची. पोरी खिदळायच्या, तीही हसायची, "तापी आटवीन मी एक दिवस!" ... आम्ही सगळेच हसलो.

त्या सोमवारी मी सोबत होतो. डॉक्टर तोंडात बघून म्हणाले, "बाई, मिश्री सोडा."

"जन्मात लावली नाही."

"सब यही कहती हैं, बहनजी," म्हणत त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे मिश्रीविरुद्धच्या प्रचारासाठी मी काढलेलं पत्रकच चिकटवलेलं होतं. दात हलले की समजा, बाई मिश्री लावते, असं मीच ठोकून दिलेलं. खाली माझं नाव. मावशीने दात घासायचं आपलं बोट माझ्या नाकाशी धरलं. "हुंग रे, पुढारी! येतो का तंबाखूचा वास?" मी हुंगलं नाही. म्हणालो, "मावशी, डॉक्टरांना जास्त कळतं." तिने तोंड उघडलं. दोन दाढा निघाल्या.

जखम भरलीच नाही. जबडा सुजला, ताप चढला. सरकारी दवाखान्यात तिची लघवी निळ्या औषधात उकळली, तर नळीत विटेचा रंग. तिथले डॉक्टर म्हणाले, "एवढी साखर! दात हलतात ते यानेच. दाढा काढताना कुणी तपासलं नाही?" ... नाही. तहान फार लागते का, एवढंही कुणी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी त्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "भई, मी दातांचा डॉक्टर. साखर बघणं माझं काम नाही." मग दात काय खुंटीला टांगलेले असतात? माणसाच्याच तोंडात असतात ना! आपली माणसं तहान सोसतात, अशक्तपणा सोसतात, मोठ्या डॉक्टरचं दार चढत नाहीत. दाढ ठणकली की मात्र धावतात. पहिली गाठ तिथेच पडते, तर नळी आणि निळं औषध तिथेच का नको? सगळ्या बायकांना एका माळेत ओवणारा मीही गुन्हेगार आहे, तो गुन्हा मी लपवत नाही. त्यांनीही लपवू नये.

तुमचा दात हलतोय? घरात कुणाचा? मग त्या खुर्चीत जरूर बसा, पण तोंड मिटून. आधी लघवी तपासा, म्हणावं. नाही म्हणाले तर उठा. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांनाही उठवा.