गाळलेली ओवी

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी एक पाप केलं. आमच्या पोशीर गावच्या घरी, संध्याकाळी दिवा लागल्यावर, सगळ्यांसमोर... पोथी वाचताना मुद्दाम दोन पानं एकदम उलटली.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात पोथी लावतात, म्हणजे रोज एक अध्याय मोठ्याने, चालीत वाचायचा. हे काम वर्षानुवर्षं माझ्या सासऱ्यांचं, आबांचं. भाताची लावणी आटपली की जे पोथीपुढे बसायचे ते समाप्तीलाच उठायचे, आणि एकही ओवी गाळायची नाही हा त्यांचा दंडक.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आमची जुंपायचीच. वाळक्या काठीला पालवी फुटली असं पोथीत आलं की मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "आबा, हे कसं शक्य आहे?" ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "शेवग्याची फांदी रोव बरं परसात. फुटतंय का नाय बघ!"

"ती ओली असते, आबा."

"मंग देवाची पन ओली आसंल!" आणि स्वतःच खो खो हसायचे.

या चैत्रात आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळं कळायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण तोंडातून नुसता हुंकार... चार महिने आम्ही त्यांचा एक शब्द ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी मनातून आशा सोडली होती.

श्रावण आला तशा सासूबाई म्हणाल्या, "पोथी बंद पडायची नाय घरातली. तू वाच गं." मला वेळ नाही, चाल येत नाही, आणि विश्वास तर त्याहून नाही. पण आबांची खाट ओटीवर आणून ठेवलेली, आणि ते माझ्याकडे बघत होते. नाही कसं म्हणणार?

बरं चाललं होतं. माझी चाल म्हणजे वर्गाची हजेरी घेतल्यासारखी, असं नवऱ्याचं मत. अडायला नको म्हणून मी पुढचा अध्याय आधी चाळून ठेवायचे. त्या सोमवारी चाळला आणि मध्येच थांबले. जन्मापासून मुका असलेला एक माणूस देवाच्या कृपेने बोलू लागतो, अशी कथा होती.

मला रागच आला. घोटभर पाण्यासाठी खाटेवर हात आपटणाऱ्या माणसाला हे वाचून दाखवायचं? जे होणार नाही त्याची आस लावायची? नाही म्हणजे नाही. संध्याकाळी तिथवर आले, पानं उलटली आणि पुढची ओवी सुरू केली.

आबांनी डावा हात खाटेवर आपटला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो आबांनी बाजूला सारला. मी मान खाली घालून तशीच वाचत राहिले...

आणि खाटेवरून आवाज आला. घोगरा, गंजलेल्या कडीसारखा, पण चालीत. "मुकियासी... फुटली वाचा..." मी गाळलेली ओवी! मग तिच्या पुढची, मग आणखी पुढची. आबा डोळे मिटून म्हणत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सासूबाईंच्या हातातला तांब्या कलंडला, तो उचलायचंही कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावतच त्यांच्याकडे गेले. "आबा, चहा घेणार?" त्यांनी तोंड उघडलं... नुसता हुंकार. काल ओव्यांमागून ओव्या म्हणणाऱ्या माणसाला साधं "हो" म्हणता येत नव्हतं. मी मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

कर्जतच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, काही पेशंटमध्ये असं दिसतं. नेहमीचं बोलणं अडतं, पण पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं कधी कधी मेंदूतल्या दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. रोज त्यांच्याबरोबर वाचा, त्याच चालीवर साधे शब्दही म्हणून बघा.

घरी येताना टमटममध्ये मी सासूबाईंना हे सगळं नीट समजावलं. विज्ञान हाताशी आल्यावर मला जरा जोर आला होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं हाय. पन ती दुसरी वाट कोनी करून ठिवली गं?"

मी आठवीच्या वर्गाला काहीही समजावू शकते. घरी पोचल्यावर मात्र मी पोथी काढली आणि आबांच्या खाटेशी बसले.

राहिलेला श्रावण आम्ही दोघांनी मिळून वाचला. अर्धी ओवी मी, अर्धी आबा. मुक्याचा अध्याय पुन्हा पहिल्यापासून घेतला. मध्येच मी त्याच चालीत "पाणी हवं का..." असं म्हणून बघायचे, ते नुसते ओठ हलवायचे आणि थकून मान टेकायचे.

समाप्तीच्या दिवशी शेवटची ओवी झाली. मी पोथी लाल कापडात गुंडाळायला घेतली, तोच आबांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. बराच वेळ त्यांच्या ओठांची धडपड चालली होती. आणि मग, त्याच चालीत...

"आजून... वाच गं."

"गं" त्या पोथीत कुठेच नाही. ते पाठ केलेलं नव्हतं. ते आबांचं स्वतःचं होतं, माझ्यासाठी.

देवाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे मीच ठरवून बसले होते... चुकले रे देवा. आणि तरीही दिलंस.