हट्ट्याच्या पोरी आणि तोंडावरची जाळी

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो जाळीचा किस्सा सांगा ना." कोणता, असं मला विचारावं लागतं. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कप हातातच असतो.

मी हट्टा गावाजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमच्या मुली आइस हॉकी खेळतात. इथं नवा माणूस हमखास थांबतो, खिडकीबाहेरच्या उन्हाकडं बघतो आणि मग माझ्याकडं बघतो. खरं म्हणजे वर्षभर त्या चाकांचे स्केट्स घालून शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर खेळतात आणि स्पर्धेपुरत्या बर्फावर जातात. खेळात काय झालं ते बातमीदारांनी छापलं. माझ्याजवळ साठलेत ते तोंडापुढं काय लावायचं याचे किस्से. या एका गोष्टीवर आमच्याकडं जेवढा वाद झाला, तेवढा सरपंचाच्या निवडणुकीतही झाला नसेल.

*

सुरुवातीला आमच्याकडं क्रिकेटची हेल्मेटं होती. पुढं जाळी आहे, म्हणजे झालं, असं मलाही वाटायचं. पण ती जाळी हनुवटीपाशी मोकळी असते. एका सकाळी सरावात कुणाच्या तरी स्टिकचं टोक खालून आत घुसलं आणि आमच्या राधाचा ओठ फाटला. राधा म्हणजे संघातली सगळ्यात चपळ पोरगी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. ओठाला टाके पडले. चष्मा वाचला हे नशीब.

दुसऱ्या दिवशी तिची आई कमलबाई शाळेत आली. हळद शिजवायचे दिवस होते. कोपरापर्यंत हात पिवळे, तशीच शेतातून उठून आलेली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार.

ती शांतपणे बसली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी रात्रभर रडून राहिली."

"दुखत असेल हो."

"दुखतं म्हणून न्हाई. म्या खेळ बंद केला म्हणून." मग तिनं पदरानं हात पुसले. "तोंड पुरं झाकंल असं काई आणा. तवर राधा येणार न्हाई. आणलं की मीच आणून सोडते."

आमची राधा गेली म्हणजे अर्धा संघ गेला. मी त्याच दिवशी कामाला लागले.

*

सलीमभाई आमच्या सानियाचे वडील. त्यांचं गेट आणि खिडक्यांचे ग्रिल बनवायचं दुकान आहे. त्यांच्या कानावर गेलं आणि ते हेल्मेटंच उचलून घेऊन गेले. "मॅडम, तुमी तकलीफ घेऊ नका. हे तर आपलं रोजचं काम हाय."

आठवडाभरात हेल्मेटं परत आली. पुढं हनुवटीच्या खालपर्यंत दणकट जाळी, कोपरे घासून गुळगुळीत केलेले, वर चंदेरी रंग. सलीमभाईंनी मनापासून काम केलं होतं. मुलींनी ती घातली आणि सराव सुरू झाला.

थोड्या वेळानं आमचे मुख्याध्यापक कदम सर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मुली पळत होत्या, पण सगळ्यांच्या माना खाली. एकीची नजर वर नाही.

सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, या पोरी एवढ्या नम्र कधीपासून झाल्या?"

लोखंडाच्या वजनानं मुंडकी वर होत नव्हती. सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी एक हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं, दोन पावलं चालले आणि हसत हसत काढलं. "म्या गेटचा बार लावला मॅडम. गेटाला कुठं मान असती?" मग गंभीर झाले. जोडावरून बोट फिरवत म्हणाले, "आन् हा जोड उखडला तर हेच टोक लेकराच्या डोळ्यात जाईल. न्हाई. ह्याच खेळासाठी बनवलेलंच घेऊ."

त्यांनी स्वतःच्या हातानं त्या सगळ्या जाळ्या कापून टाकल्या. केलेलं काम इतक्या शांतपणे मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

खरेदीला आम्ही पुण्याला गेलो. मी, सलीमभाई, सानिया, राधा आणि कमलबाई. कमलबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती गाडीत आधीच बसलेली होती.

दुकानदार तरुण होता आणि अगदी समजावून सांगत होता. त्यानं तीन गोष्टी काउंटरवर मांडल्या. एक तारेची बारीक जाळी, हलकी, हनुवटीपर्यंत येणारी. दुसरी अख्खा चेहरा झाकणारी पारदर्शक काच, म्हणजे दिसायला काच, खरं तर कडक प्लास्टिक. तिसरी अर्धीच काच, नाकापर्यंत. "ही मोठी पुरुष मंडळी वापरतात," तो म्हणाला.

कमलबाईनं ती अर्धी काच उचलून स्वतःच्या डोळ्यांपुढं धरली. "म्हंजी डोळे वाचले. आन् दात?"

"दातांसाठी वेगळं गार्ड मिळतं, आई."

"ओठासाठी?"

दुकानदारानं अर्धी काच मुकाट्यानं कपाटात ठेवली. शाळेच्या मुलींना अख्खा चेहरा झाकावाच लागतो, हा नियम एव्हाना मला पाठ झाला होता. पण तो सांगायची वेळच आली नाही.

उरल्या दोन. सानियाला काच हवी होती. तिचं म्हणणं सरळ होतं, "जाळीत सगळ्या सारख्याच दिसतेत. फोटोत मी कोणती, ते कोणाला कळणार?" राधाला चष्म्यामुळं जाळी बरी वाटत होती. काच बसवली की आतून चष्म्याला टेकायची, जाळी मात्र पुढं उभी राहायची. हनुवटी खालच्या वाटीत नीट बसली आहे का, डोकं गदागदा हलवल्यावर हेल्मेट हलतं का, हे सगळं दुकानदारानं तपासलं. मी खूश झाले. म्हटलं, बांधा.

"थांबा," कमलबाई म्हणाली. "मारून कोणी बघितलं?"

"आई, याची तपासणी झालेली असते. हा बघा इथं शिक्का मारलाय."

"शिक्का तुमी मारला. माझ्या पोरीनं कुठं मारलं अजून?"

आणि तिनं हेल्मेट घेतलं, पदर खांद्यावर टाकला, स्वतःच्या डोक्यात घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावला. दुकानामागं सामान ठेवायची मोकळी जागा होती. तिथं भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. राधाच्या हातात स्टिक दिली, पुढं सरावाचा चेंडू ठेवला.

"मार."

राधा माझ्याकडं बघायला लागली. मी कुणाकडं बघावं ते मला सुचेना. शेवटी राधानं हलकेच चेंडू ढकलला. तो कमलबाईच्या पायाशी जाऊन थांबला.

"सकाळी जेवली न्हाईस का? तोंडावर मार म्हणलं मी."

राधानं डोळे पुसले. चष्मा नीट केला. मग एकदम वाकली आणि मारला. ठण्ण आवाज झाला. चेंडू जाळीवर आपटून थेट दुकानदाराच्या खोक्यांत जाऊन पडला. सलीमभाईंच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं.

कमलबाईनं पापणीसुद्धा लववली नव्हती. जाळीच्या आतून राधाकडं बघत म्हणाली, "ह्याच्यातून पोरगी चांगली दिसून राहिली. बांधा हीच."

त्या दुकानदारानं आम्हाला चहा पाजला. जाताना म्हणाला, "मॅडम, त्यांना सोबत आणत जा. माझं बोलणं वाचतं."

*

घरी आल्यावर जाळीची सवय करायची होती. मी सांगितलं, सरावाला आलात की मैदान सोडेपर्यंत जाळी उघडायची नाही. पाणी नळीच्या बाटलीनं जाळीतूनच प्यायचं.

सानियानं हट्टानं काच घेतली होती, पण सरावात तिलाही जाळी घालायला लावली. तिला भूक फार. एकदा कदम सरांनी तिला कोपऱ्यात पकडलं. खिशातून भाजलेले शेंगदाणे काढायचे आणि एकेक दाणा जाळीतून आत सोडायचा, असं चाललं होतं. सर पुढं गेले. ती घाबरून उभी राहिली.

सरांनी तिच्या हातातला दाणा घेतला, जाळीतून आत जातो का ते स्वतः बघितलं. मग खालची काळी पक उचलली. पक म्हणजे या खेळातली रबराची चकती, चेंडूच्या जागी असते ती. सरांनी ती चारही बाजूंनी जाळीला लावून बघितली.

"दाणा जातो, पक जात नाही," सर म्हणाले. "जाळी पास. सानिया नापास. चल, मैदानाला चकरा मार."

*

स्पर्धा उत्तरेला पहाडात होती, छप्पर घातलेल्या बर्फाच्या मैदानावर. आमच्या मुलींनी दारातून आत पाय टाकला आणि थंडीनं सगळ्यांची बडबड बंद झाली. आधी सरावाला वेळ मिळाला होता. पडत उठत त्या बर्फावर उभ्या राहिल्या.

पहिल्या सामन्यात सानिया काच लावून उतरली. फोटोवाले समोरच होते. खेळ सुरू झाला, ती धापा टाकायला लागली आणि बघता बघता तिची काच आतून पांढरी झाली. सरावात तिनं जाळीच घातलेली, आणि आमच्याकडच्या उन्हात काचेवर वाफ धरायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिला काही दिसेना. पण थांबणं तिच्या रक्तात नाही. तिनं समोर आलेल्या मुलीला असं काही अडवलं की पक हिसकावून घेतली आणि ती मुलगी बर्फावर सपशेल आडवी. सानियानं विजयानं हात वर केला.

आडवी झालेली राधा होती. आमचीच.

मध्यंतरात मी विचारलं, "काय गं, आपल्या जर्सीचा रंगसुद्धा दिसला नाही?"

"मॅडम, काहीतरी हलून राहिलं होतं. मी म्हणलं, सोडायचं न्हाई."

तिनं स्वतःच पिशवीतून जाळी काढली आणि बदलून घेतली. फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या सत्रात तिनं गोल केला आणि सामना आम्ही जिंकला. त्यानंतरचाही जिंकला, आणि त्यानंतरचाही.

*

आम्ही फायनलला पोचलो तेव्हा समोरच्या पहाडी संघाचे कोच मुद्दाम भेटायला आले. भला माणूस. त्यांच्या मुली घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर लहानपणापासून खेळलेल्या. त्यांनी सानियाला कौतुकानं विचारलं, "बेटा, आपके यहाँ बर्फ कितनी होती है?"

सानियानं प्रामाणिकपणे विचार केला.

"सर, गोलेवाले की गाड़ी पे जितनी रहती, उतनीच."

*

आता फायनल. आमच्या गोलमध्ये वैष्णवी होती. साखरा गावची पोरगी, मामाकडं राहून आमच्या शाळेत शिकते. फार बोलत नाही. गोलकीपरचा मुखवटा वेगळा असतो, जास्त भक्कम, आणि तो घातला की ती एकदमच गप्प होते.

पहिला गोल त्यांनी केला. मग राधानं एक फेडला आणि सानियानं दुसरा चढवला. दोन-एक. आम्ही पुढं होतो आणि थोडाच खेळ उरला होता. त्यांनी सगळं बळ लावलं. आमच्या मुली दमून नुसत्या समोर आडव्या पडत होत्या. मी कठड्याला धरून उभी होते, हात बधिर झाले होते तरी सोडवत नव्हते.

त्यांच्या सगळ्यात जोरकस मुलीला पक मिळाली. वैष्णवी आधीचा फटका अडवताना गुडघ्यांवर आली होती, स्टिक हातातून सुटली होती. उठायला वेळ नव्हता. फटका वर उठला, गोलच्या मोकळ्या कोपऱ्याकडं. वैष्णवीनं हात नाही, पाय नाही, सरळ तोंड मध्ये घातलं.

आवाज वरच्या पत्र्यापर्यंत गेला. पक बाजूला उडाली, शिट्टी झाली आणि वैष्णवी पाठीवर पडली. हलेना.

पंच घसरत तिच्याजवळ पोचले. मागून डॉक्टर. मीही बुटांनी बर्फावर धडपडत गेले. मुखवट्याला ओरखडासुद्धा नव्हता आणि आत वैष्णवीचे डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडं बघत नव्हती. आमच्या डोक्यांवरून पलीकडं कुठंतरी तिची नजर लागली होती.

पंचांनी तिच्या तोंडापुढं हात धरला, तीन बोटं वर केली. "बेटा, दिख रहा है? बताओ, कितना है?"

"दो-एक," वैष्णवी म्हणाली.

पंचांनी डॉक्टरांकडं काळजीनं बघितलं. बोटं आणखी जवळ आणली.

"ठीक से देखो. दो, या एक?"

वैष्णवी उठून बसली. जाडजूड हातमोज्यानं तिनं पंचांचा हात हळूच बाजूला केला आणि त्यांच्या पाठीमागच्या, गोल दाखवणाऱ्या पाटीवरची नजर न हलवता म्हणाली, "दोन-एक. चला, सुरू करा सर. संपवायचं हाय."