सासूबाईंसोबत गावपळण

एसटीतून आचऱ्याला उतरले तेव्हा अख्खं गाव निघायच्या तयारीत होतं. गावपळण म्हणजे देवाच्या आज्ञेनं घरं बंद करून, गुराढोरांसकट तीन रात्री वेशीबाहेर राहायचं. माझ्या सासूबाईंना दमा. "आई, तुम्ही मालवणला वन्संकडे जा ना," मी म्हटलं.

"गाव भायर पडलो आणि मी मालवणात जावन बसू? गप ऱ्हव गो," म्हणाल्या आणि कोंबड्यांची टोपली माझ्याच हातात दिली.

मी पोलंडमधल्या प्रयोगशाळेत काम करते. सहाव्या-सातव्या शतकांत स्लाव लोक पूर्वेकडून मध्य युरोपात आले. नुसते लढवय्ये पुरुष आले की कुटुंबंच्या कुटुंबं, हा जुना वाद. थडग्यांतल्या हाडांमधला डीएनए सांगतो, बायकापोरांसकट कुटुंबंच आली. हे मी सतरा वेळा लिहिलंय. पण फडफडणारी टोपली सांभाळत उन्हातून चालल्यावर कळलं, लिहायला आपल्या बापाचं काय जातं!

माळावर झावळ्यांच्या राहुट्या, तीन दगडांच्या चुली, बांगड्याचं तिखलं (घट्ट आंबट-तिखट रस्सा) आणि भात. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी चुलीच्या धुरानं सासूबाईंना धाप लागली. पंप मारूनही छाती वाजतच होती. त्यात कळलं की देवानं परतीचा कौल (होकार) दिला नाही तर मुक्काम वाढतो. मी चिडलेच. "सकाळी कौल मिळो न मिळो, मी तुम्हाला दवाखान्यात नेणार."

त्यांनी ते कानाआड केलं. वाटेत मी त्यांना स्लावांची गोष्ट सांगितली होती. "तुझी ती माणसां मगे परत गेली काय गो?"

"नाही आई. तिथंच राहिली."

"म्हातारी माणसांय?"

"तीसुद्धा."

त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

सकाळी शेजारचे तात्या देवळाकडून लगबगीनं आले. "देवान कौल दिल्यान. चला." हुश्श! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रिक्षा आधी डॉक्टरांकडे नेली. त्यांनी वाफ दिली, मग घर.

सासूबाई आपल्या खाटेवर आडव्या झाल्या. मी ज्यांची हाडं तपासते त्यांतल्या कितीतरी आज्या आपल्या खाटेपर्यंत परत पोचल्याच नाहीत, आणि आम्ही एका ओळीत लिहितो, 'स्थलांतर झालं'. आमच्या सासूबाई मात्र पोचल्या. दार लोटून मी ओसरीवर बसले, त्यांचा श्वास ऐकत. थोड्या वेळानं आतून चक्क घोरणं सुरू झालं. इतकं सुरेल घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.